गेलेला पैसा खेळून परत येत नाही

मटक्याच्या चिठ्ठीपासून मोबाईलवरील सट्ट्यापर्यंत : घरातील माणसांनी ओळखावयाच्या खुणा

दारू पिऊन आलेला माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसला, की साऱ्या वस्तीला कळते. त्याची चाल सांगते, तोंडाचा वास सांगतो. जुगाराला वास नाही. मटक्याचा अंक लावून आलेला माणूस सरळ चालत घरी येतो, हातपाय धुतो, जेवतो, मुलांच्या वह्या पाहतो आणि झोपी जातो. म्हणूनच जुगार घराला फार उशिरा कळतो. तो कळतो तेव्हा बहुधा पत्नीचे कानातले गहाण पडलेले असते, मुलाची फी थकलेली असते आणि दाराशी एखादा अनोळखी माणूस ‘आहेत का घरात?’ असे विचारीत उभा असतो.

महाराष्ट्रात दारूविरुद्ध माता-भगिनींनी मोर्चे काढले, मतदान करून गावोगाव बाटली आडवी केली. जुगाराविरुद्ध तसे फारसे घडत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याच्याविरुद्ध उभे कसे राहावे, हा प्रश्न पडतो. म्हणून आधी ओळख झाली पाहिजे.

ही ओळख हरलेल्या रकमेवरून होत नाही. कोणी हजार हरून थांबतो, कोणाचे शंभरावर घर बुडते. खरी खूण माणसाच्या बोलण्यात असते. ज्या दिवशी तो जिंकण्यासाठी खेळावयाचे सोडून ‘गेलेले परत आणण्यासाठी’ खेळू लागतो आणि त्यासाठी घरात खोटे बोलू लागतो, त्या दिवसापासून तो खेळ राहिलेला नसतो. तो आजार झालेला असतो. हे एकदा पटले, म्हणजे घराने काय करावे आणि काय करू नये, हेही उमगते.

कापसाच्या भावातून मटका

मुंबईत मटक्याचा जन्म कापसाच्या भावातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील सुरुवातीचा आणि बंद होतानाचा भाव मुंबईच्या कापूस बाजारात कळविला जाई आणि त्या आकड्यांवर लोक पैजा लावीत. १९६१ साली न्यूयॉर्कच्या बाजाराने ती पद्धत बंद केली. पैज लावणारे मात्र थांबले नाहीत. १९६२ साली वरळीत कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. मडक्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून त्यातून एक काढावयाची, म्हणून नाव पडले मटका. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. तीन पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि बेरजेचा शेवटचा आकडा तो अंक. पाच, तीन आणि सहा आले तर बेरीज चौदा, म्हणजे अंक चार. पहिल्या निकालाला ‘ओपन’, दुसऱ्याला ‘क्लोज’ आणि दोन्ही मिळून ‘जोडी’. ओपन आणि क्लोज हे शब्द कापसाच्या बाजाराचेच राहिले. कापूस गेला, आकडा उरला.

गिरणगावातील कामगार हा या धंद्याचा मोठा गिऱ्हाईक होता. आठ आणे, रुपया लावता येत असे. एवढ्या थोड्या पैशात एवढी मोठी आशा दुसरीकडे कोठे मिळणार? गरिबाच्या आशेवर हा धंदा वाढला. शहरातून तो गावाच्या बाजारपेठेपर्यंत आणि एस. टी. स्टँडच्या टपरीपर्यंत पोहोचला. मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे. म्हणजे मटका जन्मला तेव्हा त्याला बंदी घालणारा कायदा पाऊणशे वर्षांचा होता.

शंभर लावा, नव्वद घ्या

मटका कधीतरी आपल्याला लागेल, असे ज्यांना वाटते त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन पुढील हिशेब स्वतः करून पाहावा. अंक एकूण दहा : शून्य ते नऊ. अंक लागला तर साधारणपणे एका रुपयाला नऊ रुपये मिळतात. आता एखाद्याने दहाच्या दहा अंकांवर प्रत्येकी दहा रुपये लावले, तर त्याचे शंभर रुपये गेले. एक अंक नक्कीच लागणार. त्याचे त्याला मिळाले नव्वद. सारेच अंक आपले असूनही दहा रुपये गेले! जोडीचे तेच. जोड्या शंभर आणि भाव साधारण एकाला नव्वद. शंभर जोड्यांवर एकेक रुपया लावला, तरी हाती नव्वदच येतात.

उरलेले दहा रुपये धंदा चालविणाऱ्याचे. त्याला नशीब लागत नाही, बेरीज पुरते.

पण खेळणारा नव्वद रुपये घेऊन घरी जात नाही, ते पुन्हा लावतो. शंभराचे सरासरीने नव्वद होतात, नव्वदाचे एक्याऐंशी, एक्याऐंशीचे सुमारे त्र्याहत्तर. असे सात वेळा फिरले, की शंभरातील अठ्ठेचाळीसही उरत नाहीत. मधे कोणाला मोठा आकडा लागतो, हे खरे. वस्तीत त्याचीच चर्चा होते. पण ज्यांचे गेले त्यांची नावे कोणी चौकात सांगत नाही. निकाल प्रामाणिकपणे काढला जातो असे धरून हा हिशेब केला आहे. लपून चालणाऱ्या धंद्यात तेवढे तरी कोणी कशाला धरावे?

‘आता यायलाच पाहिजे’ ही भूल

सट्टा खेळणारा सांगतो, ‘दहा दिवस झाले, सात आलेला नाही. आता यायलाच पाहिजे.’ यासाठी जुन्या निकालांचे तक्ते ठेवतात, रात्रंदिवस आकडेमोड करतात. कोणी स्वप्नावरून अंक काढतो, कोणी एखाद्या बाबाच्या तोंडून निघालेल्या शब्दावरून. शिकलेली मुलेही यात असतात.

चिठ्ठीला किंवा पत्त्याला स्मरणशक्ती नसते. काल काय निघाले हे त्याला ठाऊक नसते. प्रत्येक वेळी सात येण्याचा संभव दहात एक, तेवढाच राहतो. दहा निकालांत सात एकदाही न येण्याचा संभव शंभरात जवळजवळ पस्तीस आहे. म्हणजे दहा वेळा सात न येणे ही नवलाची गोष्टच नव्हे. आणि दहा वेळा आला नाही म्हणून अकराव्या वेळी तो अधिक येईल, असेही नाही.

दुसरी भूल दुप्पट करण्याची. अंदर-बाहरसारख्या खेळात दहा हरले की वीस लावावयाचे, वीस हरले की चाळीस. एकदा जिंकले की सारे वसूल, असा समज असतो. लागोपाठ आठ डाव गेले, तर आठव्या डावाला १,२८० रुपये लावावे लागतात आणि तोवर एकूण २,५५० रुपये गेलेले असतात. हे सारे कशासाठी? मूळचे दहा रुपये जिंकण्यासाठी!

मग शहाणीसुरती माणसे यात का अडकतात? मनाची घडण तशी आहे. कधी मिळेल, कधी नाही अशा रीतीने बक्षीस मिळत गेले, तर सवय अधिक घट्ट होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्राण्यांवर प्रयोग करून हे दाखविले. दर वेळी दाणा देणारी कळ दाणा बंद झाल्यावर प्राणी लवकर सोडून देतो. कधीमधी दाणा देणारी कळ तो दाबतच राहतो. शिवाय अंक एकाने चुकला, तर खेळणाऱ्याला ‘हरलो’ असे वाटत नाही, ‘थोडक्यात हुकले’ असे वाटते. हुकणे आणि हरणे यांचा पैशातला परिणाम एकच. पण हुकलेला माणूस पुन्हा उठून जातो.

टपरीची लाज गेली

पूर्वी अंक लावण्यासाठी टपरीपर्यंत चालत जावे लागे. कोणी ओळखीचे पाहील याची लाज वाटे. खिशातली नोट मोजून द्यावी लागे, ती जाताना डोळ्यांना दिसे. रात्री टपरी बंद होई. ही सारी लहान लहान कुंपणेच होती. मोबाईलने ती काढून टाकली. आता माणूस अंथरुणात पडल्या पडल्या क्रिकेटच्या एकेका षटकावर पैसे लावतो. पैसा नोटेच्या रूपाने हातून जात नाही, पडद्यावरचा आकडा तेवढा कमी होतो. पैसे संपले, तर त्याच मोबाईलवर काही मिनिटांत कर्जही मिळते. २००८ साली आय. पी. एल. सुरू झाल्यापासून उन्हाळ्यात रोज संध्याकाळी सामना असतो आणि सट्टा लावावयाला रोज नवे निमित्त मिळते.

सरकारनेही याची दखल घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. असा खेळ चालविणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे. पकडतील या भीतीने मदत मागण्याचे कोणी टाळू नये. मटक्याच्या किंवा पत्त्यांच्या अड्ड्याचे मात्र तसे नाही. १८८७ च्या कायद्याखाली अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यावरही खटला होतो.

कायद्याने दुकान बंद होते, सवय बंद होत नाही. चोरवाटेने सट्टा घेणारे असतातच. तेव्हा घराचे काम कायद्यावर सोपवून चालणार नाही.

सिगालाला सांगितलेले सहा तोटे

पंचशीलात ‘जुगार’ हा शब्द नाही. म्हणून काहीजण म्हणतात, ‘पत्ते खेळलो तर कोणते शील मोडले?’ त्यांनी दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त पाहावे. राजगृहाच्या वेळुवनात भगवान बुद्ध राहत असताना सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. त्याला बुद्धांनी संसारी माणसाने कसे वागावे हे सांगितले आणि संपत्तीचा नाश करणाऱ्या सहा वाटांत जुगाराचे नाव घेतले.

जुगाराचे तोटेही सहा सांगितले आहेत. जिंकला तर वैर येते. हरला तर गेलेल्या धनाचा शोक येतो. असलेले धन नष्ट होते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सोबती त्याला तुच्छ लेखतात. आणि सोयरिकीसाठी त्याला कोणी विचारीत नाही, कारण जुगारी बायकोला पोसू शकणार नाही, असे लोक म्हणतात.

या सहांपैकी दोनच तोटे पैशाचे आहेत. उरलेले चार विश्वासाचे आणि नात्याचे आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही मोजणी आजच्या घराला जशीच्या तशी लागू पडते. पंचशीलाचे म्हणाल, तर जुगारी माणसाचे आधी खोटे न बोलण्याचे शील मोडते आणि मागाहून न दिलेले न घेण्याचे. घरात लक्ष ठेवावयाचे तेही याच क्रमाने.

डॉक्टर काय पाहतात?

जुगार हाताबाहेर जाणे हा नुसता वाईट स्वभाव नव्हे, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली त्याचा मानसिक आजारांच्या यादीत समावेश केला आणि २०१३ साली त्याला दारू व मादक पदार्थांच्या बरोबरीने व्यसनांच्या गटात ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीतही तो आहे. २०१३ च्या यादीप्रमाणे डॉक्टर नऊ गोष्टी विचारतात. त्या आपल्या भाषेत अशा :

१. तीच मजा यावी म्हणून दिवसेंदिवस अधिक पैसे लावावे लागतात का?
२. खेळ कमी करू पाहिला तर चीड, बेचैनी येते का?
३. ‘आजपासून बंद’ असे ठरवून पुन्हा पुन्हा मोडले आहे का?
४. डोक्यात सतत मागचा डाव, पुढचा अंक, पैसे कोठून आणावयाचे, हेच चालू असते का?
५. मन उदास झाले, भांडण झाले, काळजी वाटली, की पाय तिकडे वळतात का?
६. हरल्यावर दुसऱ्या दिवशी ते भरून काढावयाला परत जातो का?
७. किती खेळतो, किती हरलो, याविषयी खोटे बोलतो का?
८. खेळापायी नाते, नोकरी, शिक्षण धोक्यात आले आहे का?
९. हरल्यामुळे झालेली ओढाताण मिटविण्यासाठी दुसऱ्यांकडून पैसे मागावे लागतात का?

गेल्या बारा महिन्यांत यांपैकी चार किंवा अधिक प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. चार होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सहावा आणि सातवा हे दोन जरी ‘होय’ असतील, तरी घराने सावध व्हावे.

घरात दिसणाऱ्या खुणा

वरचे प्रश्न खेळणाऱ्याला विचारावयाचे. पण तो खरे सांगत नसेल, तर घरातील माणसांना पुढील गोष्टी दिसू शकतात.

पगार तोच असून घरात येणारी रक्कम कमी होते आणि दर महिन्याला कारण नवे असते : कधी साहेबांनी कापला, कधी मित्र आजारी, कधी पाकीट मारले गेले. पगाराची पावती दाखविण्याचे टाळले जाते. शेजाऱ्यांकडून, मेव्हण्याकडून, कामावरच्या सोबत्यांकडून लहान लहान उसनवारी होते आणि ‘घरी सांगू नका’ अशी विनंती होते. मोबाईल उशाखाली जातो, फोन आला की माणूस बाहेर उठून जातो. ठरावीक वेळी तो अस्वस्थ होतो : निकालाची वेळ, सामन्याची वेळ. सामना पाहताना आवडता संघ जिंकूनही तोंड उतरलेले असते, कारण पैसे दुसऱ्यावर लावलेले असतात.

एक खूण अशी आहे, की ती आनंदाची वाटते. कधीतरी तो अचानक मटण, मिठाई, मुलीला फ्रॉक घेऊन येतो. ‘आज लागला!’ असे हसून सांगतो. घराला जिंकल्याचीच बातमी कळते, हरल्याची कळत नाही. त्या दिवशी कौतुक करू नये. शांतपणे विचारावे, ‘अहो, या महिन्यात एकूण लावले किती?’ उत्तर टाळले, तर तेच उत्तर समजावे.

भगिनींनी आणखी एका गोष्टीकडे पाहावे. बचत गटातून किंवा भिशीतून तुमच्या नावावर कर्ज काढण्याचा आग्रह होत असेल आणि कारण नीट सांगितले जात नसेल, तर अंगठा किंवा सही देऊ नये. ते कर्ज तुम्हालाच फेडावयाचे असते.

तरुण मुलांच्या बाबतीत अभ्यासावरून मन उडणे, रात्रीचे जागरण, वडिलांच्या खात्यातून न सांगता पैसे जाणे, नवा मोबाईल विकला जाणे, या खुणा आहेत. मुलीही यातून सुटलेल्या नाहीत. मोबाईल सर्वांच्या हातात सारखाच आहे.

अधूनमधून खेळणाऱ्यांना चार शब्द

लॉटरीचे तिकीट घेणारा किंवा वर्षातून एकदा रेसकोर्सवर जाणारा प्रत्येकजण आजारी असतो, असे नाही. कायद्याने जेथे परवानगी आहे, तेथे कोणी खेळत असेल, तर त्याने स्वतःला काही नियम घालून घ्यावेत. न खेळणे सर्वांत चांगले, हे सांगावयास नकोच.

खेळण्याआधी रक्कम ठरवावी, खेळताना ठरवू नये. ती रक्कम सिनेमाच्या तिकिटासारखी गेलेलीच समजावी. भाडे, रेशन, फी आणि औषध यांच्या पैशाला हात लावू नये. उसने घेऊन, क्रेडिट कार्डावर किंवा ॲपवरून कर्ज काढून एक रुपयाही लावू नये. दारू पिऊन, भांडून किंवा दुःखात असताना खेळू नये. गेलेले भरून काढण्यासाठी त्याच दिवशी दुसरा डाव मांडू नये. जिंकलेले पैसे उत्पन्न समजू नयेत. आणि किती लावले, किती गेले हे घरात सांगावे. जे घरात सांगता येत नाही, ते करू नये.

स्वतःची परीक्षा घ्यावयाची असेल, तर एक महिना पूर्ण बंद करून पाहावे. सहज जमले तर बरे. जमले नाही, किंवा जमले तरी सारा महिना जीव तिकडेच ओढत राहिला, तर नियम घालून भागणार नाही. अशा माणसाने मर्यादेत खेळण्याच्या नादी लागू नये. त्याने पूर्ण थांबावे.

घराने काय करावे?

पहिली गोष्ट : त्याचे देणे परस्पर फेडू नये. आईचे काळीज द्रवते, ती पाटल्या काढून देते. ‘ही शेवटची वेळ’ म्हणून भाऊ पैसे भरतो. देणेकऱ्यांचा ताण गेला, की खेळ पुन्हा सुरू होतो. कारण हरल्याचा परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. फेडावयाचेच असेल, तर आधी साऱ्या कर्जाची यादी कागदावर यावी आणि पैसा त्याच्या हाती न देता थेट देणेकऱ्याला द्यावा.

दुसरी : यादी एकदाच आणि पूर्ण व्हावी. ‘अहो, किती देणं आहे ते सारं आज सांगा, मी ओरडणार नाही,’ असे म्हणून बसावे. आणि खरोखरच ओरडू नये. निम्मे कर्ज लपविले जाते ते लाजेपोटी, आणि त्या लपविलेल्या निम्म्यासाठीच तो पुन्हा खेळावयास जातो.

तिसरी : पैशाचा कारभार काही काळ दुसऱ्याच्या हाती जावा. पगाराचे खाते, ए. टी. एम. कार्ड, मोबाईलवरून पैसे पाठविण्याची सोय पत्नीने किंवा आईने सांभाळावी. त्याला रोजच्या खर्चापुरते रोख द्यावे. यात पुरुषाचा अपमान नाही. सिगालोवाद सुत्तात घराचा अधिकार पत्नीकडे सोपविणे हे पतीचे कर्तव्यच सांगितले आहे. मिळकतीचे चार भाग करून एक स्वतःसाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा अडचणीसाठी राखून ठेवावा, हेही तेथेच सांगितले आहे. चौथ्या भागाला कुलूप हवे आणि किल्ली खेळणाऱ्याकडे नसावी.

चौथी : त्याच्या वतीने खोटे बोलू नये. ‘साहेबांना सांग मला ताप आहे’, ‘दारात आलेल्याला सांग मी गावी गेलोय’, हे मुलांना तर मुळीच करावयास लावू नये.

पाचवी : आपले हक्क ठाऊक असावेत. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. सट्ट्याचे देणे कोर्टातून वसूल करता येत नाही. बँकेचे कर्ज मात्र फेडावेच लागते. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. कोणी धमकावीत असेल, तर पोलिसांना ११२ क्रमांकावर कळवावे. पत्नीचे स्त्रीधन विकणे, घरखर्च अडविणे हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ मानला आहे. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे.

औषधोपचार आणि सोबत

या आजारावर उपचार आहेत. मुख्य भर समुपदेशनावर असतो. ‘आता यायलाच पाहिजे’ यांसारखे विचार तपासणे, पाय कोणत्या वेळी तिकडे वळतात हे ओळखणे आणि त्या वेळेला दुसरे काम बांधून घेणे, हे तेथे शिकवितात. उदासीनता किंवा दारू बरोबर असेल, तर त्यावरही औषध देतात. कंपवातावरील काही औषधांमुळे एखाद्यास जुगाराची अनावर ओढ लागते, हेही आढळले आहे. तसे वाटल्यास औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतून बोलता येते. खेळणाऱ्याने फोन केला नाही, तर घरच्यांनी करावा.

एक गोष्ट स्पष्ट लिहिलीच पाहिजे. कर्जात बुडालेल्या जुगारी माणसात आत्महत्येचा धोका मोठा असतो. ‘माझ्यामागे तुम्ही तरी सुटाल’, ‘विम्याचे पैसे येतील’ असे शब्द आले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे ठेवू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे किंवा १४४१६ वर बोलावे. पैशाचा हिशेब मागाहून करता येतो.

१९५७ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे जुगारातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसांनी आपली एक मंडळी बांधली. आठवड्याला जमावयाचे, आपले खरे सांगावयाचे आणि आजचा दिवस न खेळता काढावयाचा, अशी तिची साधी रीत आहे. तिला जागा आणि एक सतरंजी पुरते. आपल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर चार माणसे थांबली, तरी असे बसता येईल. तेथे कोणी कोणाला उपदेश करू नये आणि ऐकलेले बाहेर सांगू नये, एवढी दोनच बंधने पाळावीत.

सुटलेला माणूस एखाद्या वेळी पुन्हा घसरेल. त्या दिवशी ‘तू सुधारणारच नाहीस’ असे म्हणून त्याला दार बंद करू नये. घसरल्याचे त्याने स्वतः येऊन सांगितले, तर तो बराच पुढे आला आहे असे समजावे, कारण लपविणे हाच या आजाराचा जीव आहे.

गेलेला पैसा गेला, हे एकदा घरात सर्वांनी मिळून मान्य करावे. जड आहे, पण त्यावाचून गत्यंतर नाही. तो काम करून, हप्त्याने, वर्षा-दोन वर्षांत भरून निघेल. खेळून निघणार नाही. या महिन्याच्या पगाराच्या दिवशी जेवण झाल्यावर नवरा-बायकोने एक वही काढावी, आलेले आणि गेलेले समोरासमोर लिहावे. ज्या घरात अशी वही आहे, तेथे जुगाराला लपावयाला जागा राहत नाही.